पाडस सुटलं

आफ्रिकेच्या जंगलात राहणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरची आणि त्याच्या कुटुंबाची एक मालिका आई-बाबा वर्षानुवर्षं बघायचे. सिंह गवतात दबा धरून बसला की आई पदर डोळ्यांवर ओढायची आणि विचारायची, "गेलं का हो?" बाबा पडद्याकडे बघत सांगायचे, "सुटलं. पळालं बघ." समोर काहीही दिसत असो, आमच्या घरात एकही पाडस कधी मेलं नाही.

आई गेल्यापासून बाबा तेच जुने भाग माझ्या फोनवर बघतात. बारीक अक्षरं त्यांना लागत नाहीत, म्हणून खाली लिहिलेली प्रेक्षकांची मतं मी वाचून दाखवते. कुणाला ते कुटुंब अगदी घरचं वाटतं. कुणी म्हणतं, हत्तींपुढे माणसांचा अभिनय फिका पडतो. त्यावर बाबा तावातावानं भांडतात.

मला मात्र वाटत राहतं, आईला खरं माहीत नसेल का? दवाखान्यात "डॉक्टर काय म्हणाले हो?" असं विचारतानाही तिनं डोळे मिटूनच घेतले होते. बाबांनी त्याच आवाजात सांगितलं, "काही नाही. सुटलीस बघ." डोळे न उघडताच तिनं त्यांचा हात थोपटला. कोण कुणाला सांभाळत होतं, ते आता कळायला मार्ग नाही.

काल एका बाईचं मत मी वाचलं, "या भागात पाडस मरतं हो, बघवत नाही."

बाबांनी चटकन आईच्या खुर्चीकडे पाहिलं.

"हळू वाच गं," ते म्हणाले.