डावा पीळ

कुवेतमधल्या आमच्या सबाह अल-सालेमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक जपानी बाई राहते. तिचा आणि माझा नवरा एकाच पेट्रोकेमिकल प्रकल्पावर इंजिनिअर. मी तिला पोहे शिकवले, ती मला ताई म्हणू लागली, आणि आमचं जमलं. गेल्या ऑक्टोबरात ती रडवेली होऊन खाली आली.

तिच्या माहेरच्या गावात डोंगराच्या पायथ्याशी शिंतो देऊळ आहे. किती जुनं ते गावालाही सांगता येत नाही. एकदा जळलं, पुन्हा बांधलं, एवढं ठाऊक. आत मूर्ती नाही. दारावर भाताच्या पेंढ्याचा जाडजूड दोर बांधतात, त्याच्या पलीकडे देव. दर नव्या वर्षाआधी ताज्या पेंढ्याचा नवा दोर वळायचा, जुना जाळायचा. युद्धात गावात पुरुष उरले नव्हते, तेव्हा बायकांनी वळला, पण खंड पडू दिला नाही. अलीकडे तो एकटे तिचे वडीलच वळायचे, दुसऱ्या कुणी वळला तरी त्यावरून त्यांचा हात फिरायचाच, आणि आता त्यांचे हात थरथरू लागले होते. गावाने ठरवलं, यंदा दोर झाला नाही तर प्लास्टिकचा आणायचा. ही डिसेंबरात पंधरा दिवस जाणार होती. तेवढ्यात वळायचा, तर इथूनच हात बसवून जायला हवं.

कुवेतमध्ये पेंढा कुठला? बासमतीची पोती उसवून आम्ही तागाचे धागे काढले. दोर म्हटल्यावर माझ्या अंगात आलंच. मी रत्नागिरीकडची, नारळाच्या काथ्याचं सुंभ वळतच मोठी झालेली. आठवडाभर हॉलमध्ये फतकल मारून मी तिला शिकवलं. माझी लेक म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ रोप!" तिला गप्प बसवलं. वडिलांना तयार दोरच दाखवायचा, म्हणून आम्ही आधी काही विचारलं नाही. सातव्या दिवशी तिने फोनवर तो दाखवला. तो बघून ते काहीतरी बोलले. हिचा चेहरा उतरला.

"काय म्हणाले गं?"

"छान आहे म्हणाले. बैल बांधायला."

माणसांच्या कामाचा दोर उजव्या पिळाचा, देवाचा डाव्या. जन्मभर तो बघूनही तिच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि मी शहाणी विचारायच्या आधीच शिकवत सुटले. वर मला ते पटेना. आमच्याकडे उलटं म्हणजे श्राद्धातलं. जानवंसुद्धा तेव्हाच उजव्या खांद्यावर जातं.

"देवाच्या दारात उलटा पीळ कसा?" मी म्हणाले.

"रोजच्यासारखा नको ना, ताई. म्हणून तर."

तिचा एक आठवडा मी फुकट घालवला होता, याचा मला स्वतःचाच संताप आला.

पुन्हा पहिल्यापासून. एरवी उजवा तळहात पुढे सारायचा, तो आता मागे ओढायचा. मेले हात ऐकतील तर शपथ! चार फेरे झाले की पुन्हा पुढे. तिचे मात्र ऐकू लागले, कारण माझी सवय चाळीस वर्षांची आणि तिची आठ दिवसांची. नोव्हेंबर संपता संपता तीच मला शिकवत होती. मी हरले, आणि मला फार बरं वाटलं.

वर्षअखेरीला तिचा व्हिडिओ कॉल आला. देवळाच्या दारावर पेंढ्याचा पिवळाधमक दोर होता, डाव्या पिळाचा. मधे एके ठिकाणी चांगलाच फुगला होता. माझ्या नजरेतून सुटतोय होय! तिलाही ते दिसत होतं. ती वडिलांशी काहीतरी बोलली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, मी म्हटलं, बाबा, तेवढा सारखा करून द्या."

दुसऱ्याच्या दोरावरून हात फिरवल्याशिवाय ज्यांना कधी चैन पडलं नाही, ते तिचे वडील वर त्या फुगवट्याकडे बघत होते. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले, आणि एक पाऊल मागे सरून ते लेकीच्या मागे उभे राहिले.