प्लेगातला मंगळवारचा बाजार

नोकरीत असताना किस्सा घडतोय हे कळत नाही. त्या वेळी तो नुसता वैताग असतो. पेन्शनीत निघाल्यावर मग एकेक आठवायला लागतो, आणि सांगायला बसलं की एकाच्या पाठोपाठ दुसरा बाहेर येतो. परवा मी असाच रंगात आलो होतो, तर बायको म्हणाली, "तुम्ही ऑफिसात हे करत होतात होय? मला वाटायचं दमून येता!"

मी शेवगावच्या वाटेवरच्या एका लहानशा म्युनिसिपालटीत बाजार-कारकून होतो. गावाचं नाव सांगत नाही; तिकडं माझी सोयरीक आहे, जाणं-येणं ठेवायचंय. लढाई चालू होती. कागद मिळत नव्हता, रॉकेल मिळत नव्हतं, आणि त्यातच गावात उंदीर पडायला लागले.

उंदीर पडायला लागले म्हणजे काय, हे तेव्हा पोराटोरांनाही समजायचं. पण आमच्या काही मेंबरांना ते मान्यच नव्हतं. सभेत एक किराणावाले मेंबर टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "प्लेग, प्लेग करून बाजार मोडायचाय का आपल्याला? पुरावा काय?"

आमचा दवंडीवाला गेणू दारात उभा होता. आज्ञाधारक माणूस. मेंबरांनी पुरावा मागितलाय म्हटल्यावर तो बाहेर गेला, शेपटीला धरून पुरावा घेऊन आला आणि टेबलावर ठेवला!

मी लिहून घेतलं, ‘गाव खाली करून माळावर राहायला जाण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.’ सूचक कोण म्हणून मान वर केली, तर सभागृहात मी, गेणू आणि पुरावा. अध्यक्ष आबासाहेब खिडकीच्या बाहेर रस्त्यात उभे होते.

"आबासाहेब, सूचक म्हणून कुणाचं नाव घालू?"

"त्या उंदराचं घाल!"

* * *

तर गाव माळावर आलं. तट्ट्यांच्या झोपड्या झाल्या, म्युनिसिपालटीचं टेबल एका बाभळीखाली मांडलं गेलं. आणि नगरहून प्लेगाच्या साहेबाचा हुकूम आला. रोजची दुकानं माळावर चालवा, पण मंगळवारचा आठवडे बाजार बंद. सगळं गाव टोचून घेईल तेव्हा बाजार सुरू. साहेब स्वतः येऊन झोपडी न् झोपडी बघणार, आणि न टोचलेला एक जरी माणूस सापडला तरी बाजार बंदच!

आमचं गाव जगायचं मंगळवारवर. आसपासच्या खेड्यांतले लोक मंगळवारी यायचे, घ्यायचे, विकायचे. इकडं आमचा बाजार बंद झाला आणि तिकडं चार कोसांवरच्या गावानं मंगळवारीच बाजार भरवायची तयारी चालवली. एकदा का मंगळवार हातचा गेला की तो कुणी परत देत नाही. आबासाहेबांना त्या काळजीनं जेवण जाईना. बाजारातली तुळसाबाई कासारीण तर रोज बाभळीखाली येऊन उभी राहायची. "दोन मंगळवार गेलं, आबासाहेब. बांगड्या काय उकडून खाऊ?"

* * *

माळावर दुकानांच्या जागा वाटताना भांडणं होणार, हे आबासाहेबांनी ओळखलं होतं. त्यांनी मला सांगितलं, "गावात जशी पेठ हाय, तशीच्या तशी आख. कुनाला बोलायला जागाच ठेवू नको."

मी चुन्याच्या रेघांनी सगळी पेठ आखली. कापडआळी, कासारआळी, भुसारगल्ली. गावात पिंपळाच्या पारापाशी रस्ता वळायचा, म्हणून मी माळावरही वळण काढलं. आणि काय सांगू तुम्हाला, लोक वळायचे हो! मोकळा माळ, पिंपळ नाही, पार नाही, सरळ गेलं तर दहा पावलं. पण डोक्यावर पाटी घेतलेला माणूस तिथं आला की पाराला वळसा घालून जायचा. एक म्हातारा तर तिथं चपला काढून नमस्कारही करायचा.

दगडू शिंपी आणि त्याचा शेजारी पानवाला यांचं गावात भिंतीवरून हाडवैर होतं. माळावर भिंत नव्हती, माझी चुन्याची रेघ होती. एकदा दगडूनं बसल्या जागेवरून हात लांब करून पान मागितलं, तर पानवाला केवढ्यानं ओरडला, "भिंतीतनं हात घालतोस व्हय रं? दारानं ये!"

आणि दगडू उठला, रेघेच्या टोकापर्यंत गेला, रस्त्यावरून फिरून दारानं आला. मी डोळ्यांनी बघितलंय.

आबासाहेबांची थोरली बहीण, आक्का, हीसुद्धा तशीच. नहाण येण्याआधीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. आबासाहेब जगात कुणाला भ्यायचे नाहीत, फक्त आक्काला भ्यायचे. ती आपल्या झोपडीतून देवाला निघाली की कासारआळीच्या रेघेपाशी थबकायची, आणि पार भुसारगल्लीला वळसा घालून जायची. तिथं आळी कुठली, तुळसाबाईची एक टोपली आणि चार रेघा! मी गेणूला म्हटलं, "म्हातारी बघ कशी लांबून जाते." आणि आम्ही दोघं हसलो. ते हसणं मला अजून बोचतं, पण ते पुढं.

* * *

टोचायला आले ते डॉक्टर शांतवन. नगरचे, मिशनच्या शाळेत शिकलेले, बोलायला मिठ्ठास माणूस. पहिल्याच दिवशी अफवा उठली की ही सुई टोचली की माणूस किरिस्ताव होतो! दुपारपर्यंत बाभळीखाली चिटपाखरू नाही.

गेणू सुद्धा हलगी वाजवून सगळ्यांना "टोचून घ्या हो" सांगायचा, आणि स्वतः सुईपासून शंभर पावलं लांब. मी त्याला धरून आणला तेव्हा तो डॉक्टरांना हात जोडून म्हणाला, "सायेब, माजी काय ना न्हाई, पन घरी खंडोबा हाय."

डॉक्टर म्हणाले, "अरे, मी दर वर्षी स्वतःला टोचून घेतो. आणि आमचे पाद्रीसाहेब अजून म्हणतात, हा शांतवन काही खरा ख्रिस्ती झाला नाही!"

गेणूला ते पटलं. पाद्र्याचीच साक्ष निघाली म्हटल्यावर त्यानं बाही वर केली. त्याच्यामागून माळावरचे पुरुष आले.

* * *

आता टोचलं याचा दाखला द्यायचा कशावर? कागद नव्हता. आबासाहेब म्हणाले, "मनगटावर शिक्का मारा." कल्पना झकास! पण शिक्के सगळे गावातल्या कुलूपबंद कचेरीत, आणि तिथं जायला कोण तयार होणार? माळावर एकच शिक्का होता, खाटिकांच्या मटणावर मारायचा. गोल, जांभळ्या शाईचा. त्यावर अक्षरं होती, ‘तपासले. विक्रीस योग्य.’

मी दोन दिवस गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांना तो मारत होतो! मेंबर, पुजारी, मास्तर, सगळे विक्रीस योग्य. शाई इतकी पक्की की घासली तरी जायची नाही.

त्यातच दगडू शिंप्याच्या धाकट्या भावाचं लग्न ठरायचं होतं. मुलीचा बाप श्रीरामपूरहून माळावर आला. नवऱ्या मुलानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पाहुण्यानं त्याचं मनगट धरलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग दगडूकडं वळून शांतपणे म्हणाला, "हे एक बरं केलंत. आता लाजायचं कारण नाही. भाव सांगा!"

लग्न झालं. हुंडा मागायची मात्र दगडूची छाती झाली नाही.

* * *

पुरुष संपले, आणि घोडं अडलं बायकांपाशी. परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा, तोही दंडापर्यंत उघडा? एकही बाई येईना. डॉक्टर झोपड्यांपुढं जाऊन ताई, माई, आजी म्हणून थकले. साहेब सोमवारी यायचा होता. शनिवार उजाडला. त्या दिवशी आबासाहेब बाभळीखाली डोकं धरून बसले होते. तिसरा मंगळवार गेला असता तर पलीकडच्या गावचा बाजार बसलाच असता.

तुळसाबाई नेहमीसारखी आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आबासाहेब, बाया कुनाच्या हातात हात देत न्हाईत?"

"कुनाच्याच न्हाई."

"कासाराच्या देत्यात."



तिनं टोपली बाभळीखाली मांडली. मागं एक लुगडं आडवं बांधलं, त्याच्यापलीकडं डॉक्टर. बाई येऊन बसली की तुळसाबाई तिचा हात हातात घ्यायची, पंजा दाबून मऊ करायची, आणि तोंडाचा पट्टा सुरू. बांगडी चढताना बाई मान फिरवून डोळे मिटते, हे तिला पाठ होतं. तेवढ्यात ती चोळीची बाही वर सरकवायची आणि हात लुगड्यापलीकडं द्यायची. सुई टोचली की बाई म्हणायची, "अगं आई गं!" आणि तुळसाबाई म्हणायची, "लई घट्ट बसली गं बांगडी. बसंल, बसंल."

एकीला सुद्धा तिनं फसवलं नाही हं. सगळ्यांना माहीत होतं लुगड्यामागं कोण आहे. पण कासाराकडं हात द्यायला कुणाची ना नव्हती! रविवारी संध्याकाळपर्यंत रांग हटली नाही. डॉक्टर घाम पुसत मला म्हणाले, "इतकी वर्षं मी उगाच इंजेक्शनं शिकलो. बांगड्या भरायला शिकायला पाहिजे होतं."

* * *

सोमवारी सकाळी मी यादी तपासली. सगळं गाव झालं होतं. राहिलं होतं एकच माणूस, आक्का!

बांगड्यांच्या रांगेत ती कशी बसणार? तिला कुणी बोलावलंही नव्हतं, आणि आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आबासाहेब तिच्या झोपडीच्या दारात उभे राहून विनवत होते. आतून आवाज आला, "मला कशाला टोचतोस? मी मेले तर कुनाचं कुंकू पुसायचं हाय?"

"आक्का, साह्यब तपासनार. बाजार बंद पडंल."

"पडू दे. बाजारात माझं काय हाय?"

नगरच्या रस्त्यावर लांब धुरळा दिसायला लागला. साहेबाची मोटार! माझ्या हातात शिक्का, डॉक्टरांच्या हातात सुई, आणि कुणाला पुढचं पाऊल टाकता येईना. तेवढ्यात तुळसाबाई टोपली कडेवर घेऊन आली, आबासाहेबांना बाजूला सारलं आणि सरळ आत जाऊन आक्कापुढं बसली.

"आक्का, हात द्या."

आक्का तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं उजवा हात पुढं केला. तुळसाबाईनं तो दोन्ही हातांत घेतला, पंजा दाबायला लागली, आणि बोलायला लागली. पाण्याचं, पिठाचं, सुनांचं, माळावरच्या वाऱ्याचं. डॉक्टर हळूच शेजारी बसले. सुई टोचली तरी आक्का हललीसुद्धा नाही. मी सुटकेचा श्वास सोडला.

आणि तुळसाबाईचे हात थांबलेच नाहीत! दोन दिवसांची सवय म्हणा. बोलता बोलता तिनं टोपलीतून एक हिरवी बांगडी उचलली आणि आक्काच्या हातात चढवली.

तुळसाबाईला कळलं तशी ती पांढरीफटक पडली. "आई गं, काय केलं मी," म्हणत तिनं बांगडी फोडायला बत्त्यासारखी मूठ उगारली. आक्कानं हात मागं घेतला. ती त्या बांगडीकडं बघत होती. दारात आबासाहेब उभे होते, फेटा हातात घेऊन.

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. मी घाईघाईनं पुढं झालो आणि शिक्का मारायला आक्काचा डावा हात मागितला.

"थांब रं," आक्का म्हणाली. "शिक्का मागनं मार." आणि तो हात तिनं तुळसाबाईपुढं केला. "आदी ह्यो भरू दे."