सोपानने मागितलेलं पुस्तक

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि बेलापुरात मला एका बाईंचा हेवा वाटू लागला होता. आज मोबाईलवर बटण दाबलं की मराठी मजकूर ब्रेलमध्ये होतो... आमच्याकडे ते काम पुठ्ठ्याच्या एका तक्त्याने केलं. तो तक्ता त्या बाईंचा.

मी तेव्हा गावोगाव भाषणं करायचो. नवस, अंगारे, बुवाबाजी यांवर दोन तास बोलायला मला कागद लागत नसे. पार जामखेडपर्यंत बोलावणी यायची.

पण माझा सगळ्यात लाडका श्रोता एकच... सोपान. माझ्याच वयाचा, लहानपणी देवी येऊन दृष्टी गेलेला, खुर्च्यांना वेत विणून पोट भरणारा. अंधशाळेत ब्रेल शिकून आला होता, पण गावात ब्रेलमधलं एकही पुस्तक नव्हतं.

म्हणून दर गुरुवारी मी त्याला वाचून दाखवायचो. सलग तीन वर्षं. त्याचे हात वेतावर आणि कान माझ्याकडे... भरल्या सभेत मिळत नसे ते सुख मला तिथे मिळायचं.

मग मुलींच्या शाळेतल्या वत्सलाबाई मध्ये आल्या. मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी सोपानला समोर बसवून एकेका अक्षराचे ठिपके विचारून घेतले आणि तक्ता काढला. अक्षर बघायचं, त्याच्या शेजारचे ठिपके बघायचे आणि ब्रेलच्या पाटीत कागद अडकवून टोचणीने तसेच टोचायचे. ब्रेलचा गंध नसलेल्या माणसालाही पुस्तक उतरवता यावं, अशी युक्ती.

पहिलं पान बोटाखाली घेतलं आणि सोपान हसतच सुटला. ठिपका उमटतो कागदाच्या पाठीवर, त्यामुळे सगळं उलटं झालं होतं. मला आतून बरं वाटलं... खोटं कशाला बोलू?

बाईंनी अख्खा तक्ता पुन्हा काढला, या वेळी उजवीकडून डावीकडे टोचण्यासाठी, उलट्या ठिपक्यांचा. ठिपके दबके आले, कागद पातळ पडला... सोपान सांगेल तसं बदलत गेल्या. शेवटी जुन्या कॅलेंडरची जाड पानं पसंत पडली. दुपारी शाळेच्या ओट्यावर चार-पाच बायका टोचत बसायच्या आणि मधोमध सोपान, एखाद्या परीक्षकासारखा.

मी वाचनालयाच्या सभेत विषय काढलाच. माणसाच्या आवाजातली धग ठिपक्यांत कशी उतरणार, असं विचारलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या वत्सलाबाईंनीही वाजवल्या... त्याने तर माझा आणखीच जळफळाट झाला.

खरा घाव पुढेच होता. पहिलं पुस्तक कोणतं उतरवू, असं बाईंनी विचारलं, तेव्हा सोपानने देवाधर्माची चिरफाड करणारं एक पुस्तक मागितलं. ते मी त्याला आदल्याच वर्षी अख्खं वाचून दाखवलं होतं! माझ्या आवाजात ऐकलेलं आता याला ठिपक्यांत हवं होतं...

पुस्तक तयार झालं त्या गुरुवारी गेलो, तर वेत बाजूला पडलेला. मांडीवर कॅलेंडरच्या पानांची चळत, बोटं चाललेली. माझी चाहूल लागली तरी त्याने हातातली ओळ पुरी केली. ऐकलेलंच पुस्तक पुन्हा कशाला, मी जरा खोचकपणेच विचारलं.

“शेवटचं प्रकरण ऱ्हायलं हुतं, भाऊ,” तो म्हणाला.

मी गार पडलो. ते प्रकरण मी गाळलं होतं. जन्मभर देव नाकारलेला लेखक त्यात कबूल करतो की आई गेली त्या दिवशी मी देवळात जाऊन बसलो, का बसलो ते मला ठाऊक नाही. मला तो लेखकाचा कच्चेपणा वाटला होता. सोपानच्या डोक्यात असलं काही शिरायला नको, हे मीच परस्पर ठरवलं होतं.

तुला कसं कळलं, मी विचारलं.

“पान उलटल्याला आवाज असतो की. त्या दिशी तुमी जुडगाच उलटला आन् म्हनला, संपलं.”

मग तेव्हाच का बोलला नाहीस?

“बोललो असतो आन् तुमी रागावून यायचं बंद केलं असतं, तर? दुसरं कोन हुतं मला वाचाया?”

ज्याला मी तीन वर्षं माझा श्रोता समजत होतो, तो माझ्यावाचून अडलेला माणूस होता... एवढी पुस्तकं वाचून हे मला कळलं नव्हतं.

मी खाली बसलो. ते प्रकरण मला वाचून दाखव, म्हणालो. त्याने बोटं पहिल्या ओळीवर नेली आणि अडखळत, एकेक शब्द लावत वाचू लागला. मधे दोनदा लेखकाचा मुद्दा खोडून काढावा असं जिभेवर आलं... पण शेवटपर्यंत गप्प बसून ऐकलं.

वत्सलाबाईंचे आभार मी पुढे भर सभेत मानले. हेवा मात्र गेला नाही, फक्त त्याचं कारण बदललं. त्यांना सोपान दिवसातून दहा वेळा तोंडावर सांगायचा की बाई, चुकलं. मला तीन वर्षांत एकदाही सांगू शकला नव्हता.