नॉटिंगहॅमात मुरवलेली माती

विमानतळावरच पोरीला सांगून टाकलं, "कुसुम, तुला घेऊन जायला आलोय."

"आप्पा, आधी घरी तर चला," ती म्हणाली.

नॉटिंगहॅमपर्यंत बसमधून कुरणं पाहिली. मेंढरं इतकी गुबगुबीत, की आपल्या फलटणच्या धनगराला खरी वाटायची नाहीत. उतरल्यावर 'मशी पीज' (वाटाण्याचा लगदा) खाल्ले, वर पुदिन्याचं आंबट पाणी. मी मिरची मागितलीच.

कुसुम तिथल्या युनिव्हर्सिटीत जपानच्या हजारो वर्षांपूर्वीच्या जोमोन (दोरीची नक्षी असलेल्या) मडक्यांचा अभ्यास करते. नोकरी कराराची, संपत आलेली. वाढवून हवी तर पंधरा दिवसांनी तसंच मडकं घडवून त्यात पाणी उकळून दाखवायचं. तिची तीन मडकी तडकली होती. मला खरं तर बरंच होतं. पण मी चौथी शिकलेला असलो तरी जन्मभर चाक फिरवलंय. कुंभाराच्या पोरीचं मडकं तडकतं म्हणजे काय!

"मातीत घोड्याची लीद घाल."

"तेव्हा तिथे घोडे नव्हते, आप्पा. त्या लोकांकडे नव्हतं ते मला चालत नाही. ते गवत घालायचे, मीही घातलंय."

मला राग आला.  दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या तडकलेल्या मडक्याचं खापर चुरून पाहिलं. गवताच्या काड्या बोटभर लांब.

"माती किती दिवस मुरवलीस?"

"मुरवली नाही. लगेच घडवलं."

"लीद म्हणजे तरी काय, घोड्यानं चावलेलं गवतच ना? गवत बारीक कूट. मळून पाच दिवस ओल्या फडक्यात ठेव."

"मग उरलेल्या दिवसांत एकच मडकं होईल. तेही गेलं तर?"

"जाणार नाही."

चाक नाही; मातीच्या वळ्या एकावर एक. माझे हात शिवशिवत होते. तिनं लावू दिले नाहीत. "काम माझं आहे, आप्पा."

दाखवायच्या दिवशी झिमझिम पाऊस. डिपार्टमेंटमागच्या अंगणात, पत्र्याखाली विस्तव, त्यावर वाळवून भाजलेलं मडकं, आत पाणी. मडकं जाण्याआधी टिक् असा आवाज येतो. मी कान लावून उभा. आवाज आला नाही. पाणी खदखदलं. मडकं बघायला आलेल्या तिच्या डिपार्टमेंटच्या मोठ्या मॅडमनी कुसुमला काहीतरी विचारलं, मग वही काढून माझ्याकडे आल्या.

"माती मुरवायचं कोणी सांगितलं विचारतायत," कुसुम म्हणाली. "तुमचं नाव लिहून घेतायत."

"आडनावासकट लिहा म्हणावं."

करार आणखी तीन वर्षांसाठी वाढला.

मी एकटाच परतलो. पोरीला आणतो म्हणून गावभर सांगितलं होतं, आता लोक हसतात. हसू देत. मडकं टिकलं तर पोरगी तिथेच राहणार, हे गवत कुटायला सांगतानाच मला कळत होतं. तरी सांगितलं.