पंप चालू होता

नळदुर्गच्या पुढं हमरस्त्याला लागून आमच्या फोन कंपनीची केबिन होती. सोलापूरकडून काचेच्या तारेतून येणारा फोन-इंटरनेटचा प्रकाश तिथवर क्षीण व्हायचा. केबिनीतल्या यंत्रात एर्बियम मिसळलेल्या तारेची गुंडाळी होती. पंप लेसर तिला ऊर्जा द्यायचा आणि प्रकाश पुन्हा जोर धरून हैदराबादकडं निघायचा. पंपाचा उजेड मात्र डोळ्याला दिसत नाही, पण डोळा जाळतो.

यंत्राला दोन पंप होते. लाइन एकावर चालू ठेवून दुसऱ्याचं धुळकटलेलं टोक पुसायचं, एवढंच काम. पंप बंद करणं माझ्याकडं, पुसणं माझ्या तंत्रज्ञाकडं. मी फोनवर ऑफिसशी वाद घालत होतो.

"साहेब, बंद केलाव का?"

"व्हय रे, बघ तू."

त्यानं टोक सोडवलं, भिंग लावलं, डोळा टेकवला. ओरडला नाही. "मधोमध काळा डाग दिसायलाय," म्हणाला.

मी आधी पंप बंद केला आणि मग त्याच्याकडं वळलो.

सोलापूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात कसला प्रखर उजेड गेला का, असं विचारलं. मी म्हणालो, पंप बंद होता. रक्तात साखर थोडी वाढलेली निघाली आणि सगळ्यांनी तेच धरलं. उजव्या डोळ्याची मधली नजर गेली ती गेलीच.

तेव्हापासून दर होळीला त्याच्या घरी माझ्या ताटात पुरणपोळी असायची, त्याच्या ताटात भाकरी. "खावा साहेब, माझ्या वाटचीबी तुमीच खावा," म्हणून तो हसायचा. मी खात होतो.

यंदा ताटावर बसल्यावर पंपाचं खरं काय ते सांगून टाकलं. त्याची बायको वाढता वाढता थांबली.

"भावजी, तोंड आवरलं असतं तर डोळा ऱ्हायला असता, असं म्या ह्यांना उठता-बसता म्हनत आले. पोरांदेखत म्हनले. तुमी हितंच बसून ऐकत हुता न्हवं?"

तिनं माझ्या ताटातली पोळी उचलून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती बोटानं बाजूला सारली.

"डोळ्याचं जाऊ द्या, साहेब. माझ्याच घरात मी खादाड ठरलो, त्याचं काय करायचं?"

मी उठलो. चपला घालताना मागून कुणी 'या' म्हणालं नाही.

त्याच्या पोरांनी वाचावं म्हणून हे लिहितो. पंप चालू होता. बंद मी केला, नंतर.