सोपानचे नसलेले गुरू

सोपान गेल्याचं त्याच्या मुलीनं, मंगलनं, फोनवर कळवलं तेव्हा मी इंदापूरला धाकट्या भावाकडे होतो. एसटीनं बारामती आणि तिथून कन्हेरीतलं त्याचं घर गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली... ‘हार्मोनियमवादक व गायक, कै. केशवबुवांचे शिष्य सोपानराव यांचे निधन.’ बातमी लिहिणाऱ्याचा दोष नाही. इतकी वर्षं जे कानावर पडत आलं तेच त्यानं लिहिलं. पण केशवबुवा नावाचे कुणी गुरू सोपानला नव्हते. केशवबुवा कुठेच नव्हते. ते मी तयार केले होते. हे छापून यावं म्हणून आज लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघं वरकुट्याचे, एका वर्गातले. गावात मारुतीच्या देवळात भजन व्हायचं. बाकीची पोरं खोबऱ्याच्या तुकड्यासाठी येत, सोपान पेटीसाठी. तो पेटीवाल्याच्या बरोबर समोर, भात्याला नाक लागेल इतक्या जवळ बसायचा. भजन संपल्यावर मोठी माणसं तंबाखू मळत बोलत बसली की हा पेटीमागं सरकायचा. समोरून जसं दिसलं तसं उचलायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यामुळे भाता उजव्या हातानं आणि सूर डाव्या हातानं, असं सगळं उलटं बसलं. पेटीवाले तात्या एकदा म्हणाले, “आरं, ह्यो तर आरशात बघून शिकलाय!” सगळे हसले, पण कुणी त्याचा हात धरून बदलला नाही. आपण उलटं वाजवतो हे सोपानला नीट कळलं तोवर बोटं त्या वाटेनं पळायला लागली होती.

पुढे मी बारामतीत शाळामास्तर झालो. सोपाननं तिथेच विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलं आणि घर कन्हेरीत बांधलं. दुकानात रेडिओ कायम चालू. एखादं गाणं लागलं की तांब्याची तार हातात तशीच धरून तो थांबायचा. गाणं पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नसे. संध्याकाळी सायकलवरून कन्हेरीला जाताना ते तो सबंध गुणगुणायचा, नुसते शब्द नाही, मधले व्हायोलिनचे आणि बासरीचे तुकडेसुद्धा. घरी पोचला की पाय न धुता पेटीवर. वहिनी ओरडायच्या, “आवो, पेटीला चिखल लागतुया!”

आम्हा सगळ्यांचा आवडता एक पार्श्वगायक वारला, तेव्हा त्याच्या गाण्यांचा कार्यक्रम करायचं ठरलं. तबल्याला एक जण, कोरसला दोघं, निवेदनाला मी. सोपान त्या गायकाच्या आवाजाची नक्कल कधीच करायचा नाही. तो आपल्या साध्या, किंचित जाड आवाजात गायचा आणि मधला सगळा वाद्यवृंद एकट्या पेटीवर उभा करायचा. लोक त्या तुकड्यांनाच टाळ्या द्यायचे. मग दरवर्षी बोलावणी येऊ लागली... बारामती, इंदापूर, कारखान्याची वसाहत, गणपती.

बारामतीच्या एका कार्यक्रमात पहिल्या रांगेत डॉक्टर, प्राध्यापक अशी मंडळी होती. मध्यंतरात चहा घेताना त्यातल्या एकांनी विचारलं, “हे उलट्या हातानं का वाजवतात? शिकलेत कुणाकडे?” प्रश्न साधा होता. कुणाकडे नाही, ऐकून ऐकून शिकला, एवढं म्हणालो असतो तर भागलं असतं. पण मला त्या क्षणी माझ्या मित्राची लाज वाटली. हे वाक्य लिहायला मला म्हातारपण गाठावं लागलं. मी म्हणालो, “मिरजेकडच्या केशवबुवांकडे. बुवा स्वतः डावखुरे होते.” त्यांनी आदरानं मान हलवली. तेवढ्यावर मी थांबलो नाही. पडदा उघडल्यावर माईकवरून तेच पुन्हा सांगितलं.

परतताना सोपान माझ्या गाडीवर मागे बसला होता. वाटेत म्हणाला, “मास्तर, ह्ये बुवा कुठलं रं?”

“मिरजेकडचे.”

“जित्तं हायत का?”

“नाहीत.”

“बरं झालं. न्हायतर दर्शनाला जावं लागलं आसतं.”

आम्ही दोघं खूप हसलो. मला वाटलं, विषय संपला. पण मिळालेला गुरू परत कसा करणार? पुढच्या कार्यक्रमात लोकांनीच बुवांचं नाव काढलं. मीही बुवांचा शिस्तीचा स्वभाव, त्यांचा पहाटेचा रियाज असं एकेक जोडत गेलो. सोपाननं कधी अडवलं नाही. माझा शब्द चारचौघांत खोटा पडू नये, म्हणून तो मान खाली घालून बसून राहायचा. मला ती नम्रता वाटायची.

याची झळ कुणाला लागत होती ते मला दिसलं नाही. मंगल लहानपणी पेटीशी घुटमळायची तेव्हा सोपान तिला उठवायचा. पुढे त्यानं तिला बारामतीत एका बाईंच्या क्लासला घातलं. एका कॉलेजनं मुलांना शिकवायला बोलावलं, तर नाही म्हणाला. मी त्याला आळशी ठरवलं. “अरे, एवढी विद्या बरोबर घेऊन जाणार आहेस का?” असंही बोललो. तो नुसता हसला.

शेवटचं भेटलो ते कन्हेरीत, त्याच्या पलंगाशी. बोलताना त्याला दम लागत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून त्या कॉलेजची गोष्ट काढली. तेव्हा तो म्हणाला, “काय शिकवणार व्हतो मी? पोरांनी इचारलं आसतं, बुवांनी कसं शिकवलं? ह्यो पलटा कसा, त्यो सूर कसा लावायचा? दर डाव तुझं बुवा कुठनं आणू?” थोडा थांबून म्हणाला, “तू मला गुरू दिलास, मास्तर. पर शिष्य काढून नेलंस.” आवाजात राग नव्हता. मोटारीचं कुठलं वेटोळं जळालंय ते गिऱ्हाइकाला सांगावं, तसं सांगितलं त्यानं. वहिनींनी चहा आणला आणि तो उसाच्या तोडीबद्दल बोलू लागला. मी माफी मागायची राहिली... पुढच्या खेपेला बोलू, असं मनाशी म्हणून उठलो.

मंगल आता स्वतः पेटीचा क्लास घेते. तेराव्यानंतर काही दिवसांनी तिचा फोन आला. “काका, क्लासला केशवबुवांचं नाव द्यायचं ठरवलंय. बाबांना आवडलं असतं. रविवारी पाटी रंगवायला पेंटर येतोय. बुवांची थोडी माहिती सांगाल?” मी म्हणालो, घरी येऊन सांगतो.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसून मी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल याची मी तयारी ठेवली होती. पण ती म्हणाली, “मला वाटायचं, मला सूरच नाही, म्हणून बाबा जवळ बसू देत नाहीत.” आणि रडायला लागली. तिनं पेंटरला फोन करून थांबायला सांगितलं. मग उठून कोपऱ्यातली पेटी ओढली, वरचं कापड काढलं आणि मला म्हणाली, “बाबा कसे वाजवायचे ते सांगा. तुम्ही एवढी वर्षं शेजारी बसत होता.”

उजवा हात भात्यावर, डावा सुरांवर, एवढंच मला सांगता आलं. माझं लक्ष कायम समोरच्या लोकांकडे असायचं. तिच्या शिकलेल्या बोटांना ते जमेना. भाता अडकायचा, सूर तुटायचा, मनगट वळायचं. ती पुन्हा पुन्हा करत राहिली.

स्वयंपाकघरातून वहिनी पदराला हात पुशीत आल्या आणि उंबऱ्यात थांबून पाहत राहिल्या.

“तशी न्हाय गं बाय,” त्या म्हणाल्या. “सरळ ठिवून कसं व्हईल? ह्यांची पेटी कायम तिरकी आसायची.”

त्या खाली बसल्या, दोन्ही हातांनी पेटी फिरवून तिरकी केली आणि मंगलचा डावा कोपर जरा बाहेर ओढला.

“आता भर भाता,” म्हणाल्या. “आन् घाई करू नगं. त्यांनाबी लई दिस लागलं व्हतं.”