एकटीनं जायचं होतं

डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला सगळ्यात जास्त राग यायचा तो वडिलांच्या सोबतीचा. आठवड्यातून तीनदा निफाडहून एसटीनं नाशिकला यायचं, चार तास मशीनला जोडून पडायचं आणि शेजारी स्टुलावर वडील. द्राक्षाची छाटणी तोंडावर आलेली, मजूर मिळता मिळत नाहीत आणि हे मांडीवर पिशवी घेऊन बसलेले. "आण्णा, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" असं विचारलं की म्हणायचे, "तू गप पड."

त्यांचंही चुकत नव्हतं. तिसऱ्या तासाला माझ्या पोटऱ्यांत गोळे यायचे, ओरडू नये म्हणून मी ओठ चावायचे. मग ते उठायचे, तळवा वर दाबून धरायचे आणि गोळा विरेपर्यंत पोटरी चोळत राहायचे. नंतर उभी राहिले की बीपी खाली. एकदा तर बसस्टँडवर मी त्यांच्याच अंगावर कोसळले आणि एकटीनं यायचा विषय बंद झाला.

शेवटी रडकुंडीला येऊन मी डॉक्टरांना विचारलं, हे थांबणार कधी? ते म्हणाले, "तू अंगात ढीगभर पाणी साठवून आणतेस आणि आम्ही ते घाईघाईनं ओढतो. पाय बोंबलणारच. तू कमी आण, आम्ही हळू ओढतो." त्यांनी अर्धा तास वाढवला. बीपी टिकावं म्हणून मशीनमधलं पाणीही जरा गार ठेवायला लावलं. मी कुडकुडत पडायचे, पण म्हटलं चालेल.

कमी पाणी आणायचं, हे म्हणायला सोपं. आमच्याकडे दारात माणूस आलं की आधी तांब्या पुढे येतो. नको म्हटलं की, "का गं, आमच्या घरचं पाणी चालत नाय वाटतं?" प्रत्येकीला किडनीचं पुराण कुठं सांगत बसणार? म्हणून मी जाणंच सोडलं. मावशीकडे नाही, मैत्रिणींकडे नाही, हळदीकुंकवाला नाही. मीठ सोडलं, लोणचं सोडलं. तहान अनावर झाली की बर्फाचा लहानसा खडा तोंडात धरून खोलीत बसून राहायचे. हळूहळू बोलवणारेही बोलवेनासे झाले.

पण गोळे थांबले. बीपीही टिकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आता एकटी आलीस तरी हरकत नाही. वडील तरीही काही खेपा आले, मग छाटणीला लागले.

पहिल्यांदा एकटी आले तेव्हा मी नुसती हवेत होते. मशीन सुरू झालं. समोरच्या खाटेवरच्या बाईंना त्यांची सून पेपर वाचून दाखवत होती. तिसरा तास आला. पाय अगदी शांत. पांघरुणाखालच्या त्या पायांकडे बघताना मला एकदम रडू फुटलं. दुखत काहीच नव्हतं. एवढ्या दिवसांत माझ्याजवळ येऊन बसणारं एकच माणूस होतं आणि त्यालाही मी घरी पाठवून दिलं होतं.

सुटल्यावर फोन केला.

"गोळे आले का गं?"

"नाही."

"चक्कर?"

"नाही."

मागे बागेत मजुरांचा गलका चालला होता. फोन बाजूला धरून ते ओरडले, "पोरगी एकटी गेली बरं का! काय सुदिक झालं नाय तिला!" मी आजारी पडल्यापासून त्यांचा आवाज एवढा खूश कधी ऐकला नव्हता. मग मला म्हणाले, "आता मला यायची गरज नाय म्हन की."

"नाही गरज, आण्णा," मी म्हटलं.